पाइनच्या वरची कोरी जागा

नीला, तुझा नवरा तू काढलेल्या चित्रावर तुझाच फोटो चिकटवायला निघाला होता. खरंच सांगते. रविवारच्या शोकसभेसाठी. खाली तुझं पाइनचं झाड, वर तुझा तो इथल्या ओळखपत्रासाठी, एमिरेट्स आयडीसाठी काढलेला डोळे वटारलेला फोटो, त्याखाली लाल अक्षरांत 'भावपूर्ण श्रद्धांजली', आणि सगळ्यावर लॅमिनेशन. तुझा तेरावा अजून व्हायचाय आणि इकडे हे चाललंय. ज्या एका बाईला फोन करून मी 'अगं, काय झालं माहितेय का' म्हणणार, तीच नाही. म्हणून लिहितेय. ऐकावं लागेल तुला.

गुरुवारी दुपारी मी ऑफिसात होते, सिलिकॉन ओएसिसला. एक कंटेनर पोर्टवर अडकला होता आणि मी फोनवर कुणावर तरी ओरडत होते, म्हणजे नेहमीचंच. तेवढ्यात ईशाचा फोन आला. तुझी लेक रडत नाही, तुझ्यावरच गेलीये, पण आवाज पार चिरका झालेला.

"मावशी, बाबा टुक आईज पेंटिंग. द पाइन वन. फ्रेम शॉपमध्ये गेलेत. ही वॉन्ट्स टू लॅमिनेट इट. विथ हर फोटो ऑन टॉप."

"ऑन टॉप म्हणजे कुठे?"

"द एम्प्टी पार्ट. बाबा सेड, इतकी जागा वेस्ट गेलीये."

बॅग उचलली आणि निघाले. बॉसने विचारलं, कुठे? मी म्हटलं, "फॅमिली इमर्जन्सी." खोटं नव्हतं ते.

श्रीकांतभाऊजी फोन उचलेनात. ईशाने दुकानाचा नंबर शोधून पाठवला. तिथल्या माणसाने उचलला. "हां मॅडम, सर इधरीच था, अभी चाय पीने गया. पेपर बहुत टेढा-मेढा है. मशीन गरम हो रहा है, हीट देगा तो एकदम सीधा हो जाएगा."

"भैया, उसको हाथ मत लगाना! मैं आ रही हूँ."

"मॅडम, सर ने बोला है अर्जेंट."

"अर्जेंट गया खड्ड्यात," मी मराठीतच म्हटलं. त्याला काय कळलं कुणास ठाऊक, पण त्याने फोन ठेवून दिला.

आता तू म्हणशील, एवढं काय आभाळ कोसळलं होतं. तुला माहितेय काय ते. कच्चा चिनी कागद, शाई प्यायला की वाळल्यावर चुरगळतो, तो मागून खळ लावून सरळ करायचा असतो, हे तूच मला शंभर वेळा सांगितलंस. पण बिचाऱ्या भाऊजींना तो चुरगळलेला कागद दिसला. आपल्या माणसांना एक कागद जपायचा म्हटलं की एकच गोष्ट सुचते, लॅमिनेशन. डिग्री लॅमिनेट, जन्मदाखला लॅमिनेट, आता बायकोही लॅमिनेट.

मुहैस्नाहच्या अलीकडे ट्रॅफिक तुंबलं. शेजारच्या लेनमध्ये कामगारांच्या बसेस, खिडक्यांना डोकी टेकून झोपलेली माणसं, आणि मी स्टिअरिंगवर बोटं आपटत बसलेले. बाजूची सीट रिकामी. रोज येता-जाता याच सीटवर बसून तू माझं डोकं खायचीस. अल कुसैसच्या त्या लिनबाईंच्या चिनी चित्रकलेच्या क्लासला जायला लागल्यापासून तर दुसरा विषयच नव्हता. शाईची कांडी दगडावर कशी उगाळायची, सहाणेवर गंध उगाळतो तशीच, घाई केली तर खरखरीत होते. एकाच शाईत किती प्रकारचे काळे असतात. पाइनची प्रत्येक सुई एका दमात ओढायची, चुकली तर चुकली, खोडायची सोय नाही.

तू पहिलं झाड आणून दाखवलंस तेव्हा भाऊजी म्हणाले होते, "वा! अगदी आमच्या अलिबागचा सुरू." काय चिडली होतीस तू! "सुरू नाही, पाइन आहे!" आणि मी, आगीत तेल ओतायला टपलेलीच, म्हटलं, "इथे ना पाइन, ना सुरू. खिडकीबाहेर वाळवंटातला घाफ आहे, खजूर आहे. ते काढ की." त्यावर तू शांतपणे म्हणालीस, "अगं, ते चिनी लोकसुद्धा झाडासमोर बसून काढत नाहीत. डोंगरात हिंडून यायचं, घरी यायचं आणि मग आठवून काढायचं. आपण तरी इथे काय करतो? पुरणपोळीसुद्धा आठवूनच करतो." मी एसी वाढवला.

पण आपलं खरं भांडण कोऱ्या जागेवरून होतं. माझा धंदाच रिकाम्या जागेशी वैर करण्याचा. कंटेनरमध्ये वीतभर जागा मोकळी गेली तर मला झोप लागत नाही. आणि तू काढायचीस काय, तर खाली कोपऱ्यात एक वाकडं झाड आणि उरलेला पाऊण कागद कोरा. "पैसे पूर्ण कागदाचे दिलेस ना? मग भर की! दोन डोंगर टाक, एखादा पक्षी टाक."

तू मला जेवणाच्या टेबलापाशी ओढत नेलंस. कागदाच्या चार कोपऱ्यांवर स्टीलच्या वाट्या ठेवल्यास आणि म्हणालीस, "खालून वर बघ. डोळ्यांनी चाल, पळू नकोस." आधी मुळं, दगडाला घट्ट धरलेली. मग खोड, त्यावर खवल्यांसारखे अर्धवट गोल, एकही पुरा केलेला नाही. मग एक वळण, तिथे ब्रश कोरडा पडलाय आणि शाईतून कागद दिसतोय. तू म्हणालीस, "इथे वारा लागलाय त्याला." मग फांदी, ती खाली झुकलेली, म्हातारं झाड आहे ना. मग सुयांचे पंखे, जवळचे गडद, लांबचे फिके, अजून फिके, आणि मग काही नाही. "आता तिथेच थांब," तू म्हणालीस. मी थांबले. टीव्ही चालू होता, कुकरची शिट्टी झाली, आणि मला त्या कोऱ्या कागदात धुकं दिसलं. आईशप्पथ दिसलं. तुला मात्र मी सांगितलं नाही. म्हटलं, "ठीक आहे, पण एक पक्षी चालला असता."

आज सांगते, दिसलं होतं. आयुष्यभर मी माणसं, सामान, दिवस, सगळं ठासून भरत आले. एखाद्या गोष्टीपुढे नुसतं उभं राहायचं असतं हे मला तू शिकवलंस. त्याबद्दल थँक यू म्हणायचं राहिलं, कारण म्हटलं असतं तर तू महिनाभर मिरवली असतीस.

आणि मग ते रिपोर्ट आले. संपलं असं वाटलेलं दुखणं परत उलटलं. त्याच सुमारास तू हे मोठं पाइन काढलंस, हे आताचं. एका संध्याकाळी आपण अल नहदाच्या सिग्नलला अडकलो होतो. तू म्हणालीस, "मार्चमध्ये श्रीकांतची साठी आहे. त्याला द्यायचंय. पाइन ज्याला देतात त्याला मोठं आयुष्य मिळावं म्हणून देतात."

"छान. दे की."

"वरची जागा ठेवलीये. तिथे तू लिही. तशी पद्धत आहे त्यांच्यात. झाड एकाचं, वरचे शब्द त्याच्या मित्राचे."

"नवरा तुझा, झाड तुझं. तूच लिही."

"मंगल," तू म्हणालीस, "मार्चमध्ये ते द्यायला कुणीतरी लागेल ना."

सिग्नल हिरवा झाला होता. पुढची गाडी हलत नव्हती. मी हॉर्नवर हात ठेवला तो उचललाच नाही. मग म्हटलं, "मी लिहिणार नाही. मार्चमध्ये तूच देणार, तूच लिहिणार. खलास. विषय बंद."

विषय बंद झाला नाही. तू मध्येमध्ये विचारायचीस, "लिहितेस का गं?" मी म्हणायचे, "नाही." सुरुवातीला तू हसायचीस. मग हसायची थांबलीस. हॉस्पिटलमध्ये शेवटी नीट बोललीस तेव्हाही तेच, "कागद अजून कोरा आहे हं." मी म्हटलं, "राहू दे कोरा." त्यानंतर आपण बोललो ते पाणी देऊ का, उशी सरकवू का, एवढंच. आणि ऐक, मी चुकले असं मी अजूनही म्हणणार नाही. त्या जागेत मी एक अक्षर जरी लिहिलं असतं, तर तू मार्चमध्ये नसणार यावर माझी सही झाली असती. मैत्रिणीकडून असलं मागतात का?

गाडी कशीतरी लावली आणि धावत दुकानात शिरले. चित्र काउंटरवर पसरलेलं. दुकानदाराच्या हातात स्टीलची पट्टी आणि कटर. भाऊजी शेजारी उभे, दाढी वाढलेली, शर्टाचं बटण चुकलेलं. तुझा फोटो तिथेच ठेवलेला, मोठा करून आणलेला.

"मंगल? तू इथे कशी? ऑफिस नाही?"

"भाऊजी, थांबवा हे."

"काय थांबवू?"

"कापू नका. चिकटवू नका. तो कागद तापवायचा नसतो."

"अगं, पण नुसतं झाड लावून काय करू सभेत? अर्ध्याहून जास्त कागद रिकामा आहे. लोक विचारतील, ही कुठे आहे यात?"

"तिचंच आहे ते सगळं!"

"तुला कळत असेल!" ते एकदम ओरडले. नीला, इतक्या वर्षांत मी तुझ्या नवऱ्याचा आवाज चढलेला ऐकला नव्हता. दुकानदाराने कटर हळूच ड्रॉवरमध्ये ठेवला. "तुम्ही दोघी गाडीत बसून काय काय बोलायचात, शाई, ब्रश, धुकं. मला नाही कळत. मी एसीचे डक्ट मोजणारा माणूस. मला तिचा चेहरा हवाय. भिंतीकडे बघितलं की तिचा चेहरा दिसायला हवा. एवढंही नाही मागायचं मी?"

सांगण्यासारखं एकच उरलं होतं, आणि ते तुझं गुपित होतं. मार्चपर्यंत ठेवायचं. मी तिथे उभी राहून तुझी परवानगी मागत होते आणि तू काही बोलत नव्हतीस. दुकानदार म्हणाला, "मॅडम, मशीन बंद करूँ?"

"तुमच्यासाठी आहे ते," मी म्हटलं. "साठीचं. पाइन देतात, मोठं आयुष्य लाभावं म्हणून. तिने तुमच्यासाठी काढलं. आणि ती जागा रिकामी नाही. तिथे मी लिहायचं होतं."

ते माझ्याकडे बघत राहिले. मग चित्राकडे. मग परत माझ्याकडे.

"मग लिहिलं का नाहीस?"

नीला, हा प्रश्न तू मला इतक्यांदा विचारलास, पण असा नाही. मी सांगितलं नाही. मी म्हटलं, "इकडे या. खालून वर बघा." आणि तुझ्याच शब्दांत, टेबल नाही तर काउंटर, वाट्या नाहीत तर दुकानदाराच्या चिकटपट्टीची रिळं कोपऱ्यांवर, मी तुझ्या नवऱ्याला तुझं झाड दाखवलं. मुळं. खोड. खवले. सुया. एका बाजूच्या सुया थरथरलेल्या आहेत, औषधांनी तुझा हात कापायचा तेव्हाच्या. ते मी दाखवलं नाही. त्यांचं बोट आपणहून तिथे थांबलं. "हे मे महिन्यातलं," ते म्हणाले. "तेव्हा तिला कपही धरवत नव्हता." मग बोट वर गेलं, फिक्या सुयांवरून, अजून फिक्यांवरून, आणि कोऱ्या कागदाच्या काठाशी आलं.

"इथे काहीच नाही," ते म्हणाले.

"हो."

त्यांनी बोट उचललं नाही. दुकानात कुणीतरी गिऱ्हाईक आलं, दुकानदाराने त्याला हातानेच थांबवलं. भाऊजी रडले. स्मशानात कोरडे राहिलेले ते, काउंटरवर कोपरं टेकून रडले. मीही रडले, पण मला रडताना राग येतो, तो आलाच. तुझ्यावर. पाइनने आयुष्य वाढतं म्हणे. काढणाऱ्याचं का नाही वाढत गं? कसली ही पद्धत?

बाहेर पडल्यावर भाऊजींनी चित्राची गुंडाळी माझ्या हातात दिली नाही, छातीशी धरली. म्हणाले, "रविवारी हे लागणार. रविवारच्या आत तू लिही. नाही लिहिलंस तर मी फोटो लावणार. ती जागा अशीच रिकामी मला नाही बघवायची, मंगल. घर रिकामं आहे तेवढं पुरे." आणि गाडीत बसून निघून गेले.

दोन दिवस मी वहीच्या मागच्या पानांवर वाक्यं लिहिली आणि फाडली. 'शतायुषी व्हा.' ज्या माणसाला सकाळी उठून चहा एकच कप करायचा हे आठवत नाही, त्याला शतायुषी व्हा कसं सांगू? तुझ्याविषयी लिहायला घेतलं तर पानंच्या पानं झाली. तूच बघ की, हे केवढं झालंय. तिथे लिहायच्या मोजक्या ओळी.

शनिवारी दुपारी तुझ्या घरी लिनबाई आल्या, खळीचं भांडं आणि रुंद ब्रश घेऊन. लिहायचं असेल तर आधी लिहा म्हणाल्या, एकदा मागून खळ लावली की कागद शाई अशी पिणार नाही. म्हणजे आता किंवा कधीच नाही. ईशाने शाई उगाळली. भाऊजी खुर्चीवर न बसता फ्रीजला टेकून उभे. मी तुझा ब्रश हातात घेतला आणि परत ठेवला.

"आय कान्ट," मी लिनबाईंना म्हटलं. "आय डोन्ट नो व्हॉट पीपल राइट."

त्या मोडक्या इंग्लिशमध्ये म्हणाल्या, लोक मोठं काही लिहीत नाहीत. कुणी काढलं. कुणासाठी. कोण लिहितंय. आणि कधी.

कधी.

"मंगल," फ्रीजजवळून आवाज आला, "जमत नसेल तर राहू दे." रागाने नाही म्हणाले. तेच मला सोसलं नाही.

मी ब्रश उचलला. 'नीलाने काढलं', हे लिहिलं. 'ला'चा काना जाड झाला, कागदाने शाई ओढून घेतली, तू हसली असतीस. 'श्रीकांतसाठी', हेही लिहिलं. मग 'मंगलने लिहिलं', आणि मग तिथे आले जिथे मला गेले सगळे महिने यायचं नव्हतं. हॉर्न वाजवायला इथे काही नव्हतं. ईशा माझ्या खांद्याला लागून उभी होती, तिचा श्वास मला ऐकू येत होता. मी लिहिलं, 'ती गेल्यावर.'

शाई वाळली. भाऊजी जवळ आले, वाकून चारही ओळी वाचल्या आणि चष्मा काढून पुसत राहिले. ईशाला मराठी वाचायला वेळ लागतो, ती बोट फिरवत अक्षर अक्षर लावत गेली आणि मग माझ्याकडे वळली.

"मावशी, इज दॅट ऑल?"

"हो गं," मी म्हटलं. "एवढंच लिहायला मला इतके महिने लागले."